सुगंधी अर्क: केकपलीकडच्या रोजच्या स्वयंपाकात ते कसे वापरावेत

व्हॅनिलाच्या अर्काची बाटली अनेक स्वयंपाकघरांत असते आणि बहुधा फळीच्या मागच्या बाजूला असते. केक किंवा बिस्किटे करायची झाली की ती बाहेर येते, चमचाभर अर्क खर्च होतो आणि बाटली पुन्हा मागे जाते. बदाम, संत्रे, लिंबू, पेपरमिंट यांच्या अर्कांची अवस्था तर याहून वाईट असते, कारण ते एखाद्या पदार्थापुरते आणलेले असतात आणि नंतर त्यांचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नसते. प्रत्यक्षात सूप, सॉस, भाजलेल्या भाज्या, सॅलडचे ड्रेसिंग, कॉफी, दही, ओट्स, भात आणि मासे अशा रोजच्या पदार्थांत हे अर्क उत्तम काम करतात. मात्र त्यासाठी केकच्या कृतीतील "एक चमचा" हे प्रमाण विसरावे लागते आणि अर्क नेमका काय करतो हे आधी समजून घ्यावे लागते.

आधी एक छोटा प्रयोग

अर्धी वाटी कोमट दूध घ्या आणि त्यात व्हॅनिलाच्या अर्काचे पाच-सहा थेंब घालून ढवळा. आता नाक चिमटीत घट्ट धरून एक घोट घ्या. जिभेला दुधाखेरीज जवळजवळ काहीच जाणवणार नाही. घोट गिळता गिळता नाक सोडा, म्हणजे व्हॅनिला एकदम "चवीला" लागेल. जीभ गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (मांस, टोमॅटो, चीज यांत लागणारी खमंग चव) एवढ्याच चवी ओळखते. बाकी ज्याला आपण स्वाद म्हणतो तो बहुतांशी घशाच्या मागून नाकाकडे जाणारा वास असतो. अर्क हा असा निव्वळ वास आहे. त्यात साखर नाही, मीठ नाही, आंबटपणा नाही, आणि म्हणूनच तो या गोष्टींची जागा घेऊ शकत नाही. तो फक्त त्यांना दिशा देऊ शकतो.

हे एकदा नीट पटले की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. पदार्थ बेचव असेल तर त्याला मीठ हवे, जड वाटत असेल तर आंबट हवे. पदार्थाचे मीठ आणि आंबट जुळलेले असूनही त्यात काहीतरी उणे वाटते, तेव्हाच अर्काची बाटली हातात घ्यावी. चव बिघडलेली असताना अर्क घालणे म्हणजे न धुतलेल्या कपड्यांना अत्तर लावण्यासारखे आहे.

बाटलीत काय आहे ते वाचा

"इसेन्स" हा शब्द बोलताना आपण सरसकट वापरतो, पण लेबलवर वेगवेगळ्या वस्तू असतात आणि त्यांच्या मात्रा एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

खरा अर्क म्हणजे मूळ वनस्पती अल्कोहोल आणि पाण्यात भिजवून उतरवलेला, किंवा तिचे सुगंधी तेल अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला द्रव. अमेरिकेच्या नियमांनुसार व्हॅनिलाच्या अर्कात आकारमानाने किमान ३५ टक्के अल्कोहोल असावे लागते आणि एका लिटरला साधारण १०० ग्रॅम व्हॅनिलाच्या शेंगा वापराव्या लागतात. लिंबू-संत्र्याच्या अर्कांत अल्कोहोल याहून बरेच जास्त असते, कारण सालीतले तेल पातळ अल्कोहोलमध्ये विरघळून राहत नाही. कृत्रिम इसेन्समध्ये मुख्य सुगंधी रेणू कारखान्यात तयार केलेला असतो. व्हॅनिलातील व्हॅनिलिन हा रेणू १८७४ मध्येच जर्मनीतील टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला होता, त्यामुळे ही काही कालपरवाची भानगड नाही. याखेरीज तेलात विरघळवलेले स्वाद असतात, जे अर्काच्या तीन-चार पट तीव्र असू शकतात. पाण्यात सहज मिसळणारी इमल्शन, म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरवून केलेली मिश्रणे असतात, आणि गुलाबपाणी किंवा संत्र्याच्या फुलांचे पाणी यांसारखी वाफेवर ऊर्ध्वपातन करून मिळवलेली सौम्य सुगंधी जले असतात, ज्यांत अल्कोहोल बहुधा नसतेच.

या लेखातील मात्रा अल्कोहोलयुक्त अर्कांसाठी आहेत. हातात तेलातला स्वाद असेल तर थेंब मोजण्याऐवजी काडीचे टोक बुडवून ते पदार्थात फिरवावे. गुलाबपाण्यासारखे जल असेल तर चमच्याने घालायला हरकत नाही.

खरा की कृत्रिम, हा वाद व्हॅनिलाच्या बाबतीत फार रंगतो. माझे मत असे आहे की थंड किंवा जेमतेम कोमट पदार्थांत, म्हणजे दही, कॉफी, क्रीम, ड्रेसिंग यांत, खऱ्या अर्काचे पैसे वसूल होतात, कारण त्यातील व्हॅनिलिनखेरीजचे अनेक हलके सुगंध तिथे टिकतात. तासभर उकळणाऱ्या सॉसमध्ये त्यातले बरेचसे उडून जातात आणि मागे मुख्यतः व्हॅनिलिनच उरते. तिथे स्वस्त बाटली चालते, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

स्निग्धता, उष्णता आणि वेळ

अर्क कुठे घालायचा हे पदार्थातील लोणी, तेल किंवा साय ठरवते. लिंबू, संत्रे, पेपरमिंट, बडीशेप यांतील सुगंधी रेणू पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत कितीतरी सहज विरघळतात. लिंबाचा अर्क पाण्यात टाकला तर पाणी दुधाळ होते, कारण अल्कोहोल पाण्यात मिसळून जाते आणि तेलाचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. पातळ, पाणीदार सूपमध्ये तेच घडते आणि पहिल्याच घोटाला वासाचा भपकारा येतो. तोच अर्क आधी चमचाभर वितळलेल्या लोण्यात मिसळून मग सूपमध्ये सोडला, तर स्निग्धांश वास धरून ठेवतो आणि तो तोंडात हळूहळू सुटतो. म्हणून पहिला नियम असा की अर्क थेट भांड्यात न ओतता लोणी, तेल, साय, नारळाचे दूध किंवा दही यांपैकी जे त्या पदार्थात तसेही पडणार आहे, त्यात आधी मिसळून घ्यावा.

उष्णतेचा नियम काहीसा गुंतागुंतीचा आहे. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि जाताना सोबत बरेच हलके सुगंध घेऊन जाते. कडकडीत तव्यावर अर्क ओतला तर स्वयंपाकघर दरवळते. पण नाकाला आलेला तो सगळा वास ताटातून वजा झालेला असतो. लिंबू-संत्रे आणि पुदिना यांचे अर्क म्हणूनच आच बंद केल्यावर, भांडे मिनिटभर निवल्यावर घालावेत. व्हॅनिला मात्र या सगळ्यांत दणकट आहे. व्हॅनिलिनचा उत्कलनबिंदू २८० अंशांच्या वर असल्यामुळे ते मंद उकळीत बऱ्यापैकी टिकते, आणि सॉसमध्ये शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातलेला व्हॅनिलाचा अर्क उलट चांगला मुरतो, कारण अल्कोहोलचा बोचरेपणा तेवढ्या वेळात कमी होतो. लांब शिजणाऱ्या पदार्थात मी तो दोन हप्त्यांत घालतो, निम्मा शेवटच्या दहा मिनिटांत आणि उरलेला आच बंद केल्यावर.

थंड पदार्थांत अडचण उलटी असते. गार वस्तूतून वास कमी सुटतो, त्यामुळे फ्रिजमधल्या दह्याला किंवा गार कॉफीला कोमट पदार्थाच्या मानाने थोडा अधिक अर्क लागतो. परंतु तिथे अल्कोहोल उडून जायला वाव नसतो आणि त्याचा चरचरीतपणा जाणवतो. यावर उपाय असा की अर्क चमचाभर गरम दूध, मध किंवा साखरेच्या पाकात मिसळून दोन मिनिटे तसाच ठेवावा आणि मग गार पदार्थात घालावा. मिसळल्यानंतर किमान वीस मिनिटे थांबून मगच चव पाहावी. घातल्याबरोबर चाखून "अजून हवे" असे ठरवणे, ही गार पदार्थांतली नेहमीची चूक आहे.

मात्रा ठरवण्याची बशीची रीत

हा या लेखातला सर्वांत उपयोगाचा भाग आहे, म्हणून तो सावकाश सांगतो.

१. पदार्थ पूर्ण तयार करा. मीठ, तिखट, आंबट, गोड सगळे जुळवून घ्या.

२. त्यातला चार मोठे चमचे, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर भाग एका वाटीत काढा. भाजी कोरडी असेल तर चार-पाच फोडी आणि त्यांच्यासोबतचे लोणी किंवा तेल घ्या.

३. दुसऱ्या वाटीत एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर दूध, वितळलेले लोणी किंवा तेल घेऊन त्यात अर्काचे पाच थेंब मिसळा. हे झाले तुमचे सौम्य मिश्रण. यातला एक पंचमांश भाग म्हणजे एक थेंब अर्क.

४. पहिल्या वाटीत हे मिश्रण एक पंचमांश घाला, ढवळा, मिनिटभर थांबा आणि चाखा. मग भांड्यातला अर्क नसलेला पदार्थ चाखा आणि पुन्हा वाटीतला चाखा. फरक जाणवतो का, आणि जाणवत असेल तर तो कशासारखा वाटतो, याकडे लक्ष द्या.

५. फरक अजिबात नसेल तर आणखी एक पंचमांश घाला. तिखटमिठाच्या पदार्थात ज्या टप्प्यावर "हा व्हॅनिला आहे" असे ओळखता येते, त्याच्या एक पायरी आधी थांबायचे असते.

६. वाटीतल्या प्रमाणावरून भांड्याचे गणित करा आणि आलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांश अर्कच प्रथम घाला. मोठ्या भांड्यात तो मुरायला वेळ लागतो, त्यामुळे उरलेला तिसरा हिस्सा पाच मिनिटांनी चाखून मग घालावा किंवा सोडून द्यावा.

थेंबांविषयी एक सूचना. पाण्याच्या थेंबावरून मात्रेचा अंदाज करू नये. अल्कोहोलचा पृष्ठताण कमी असल्यामुळे त्याचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो, आणि बाटलीच्या तोंडावरून पडणारा थेंब ड्रॉपरच्या थेंबाहून मोठा असतो. एकच ड्रॉपर कायम वापरला की हा गोंधळ संपतो.

पाचव्या पायरीतील कसोटी मला महत्त्वाची वाटते. गोड पदार्थात व्हॅनिला ओळखू आला तर खाणारा खूश होतो. टोमॅटोच्या सॉसमध्ये तो ओळखू आला तर खाणाऱ्याला वाटते की कुणीतरी चुकून सॉसमध्ये आइस्क्रीम टाकले. तिथे अर्काने टोमॅटो अधिक पिकलेला वाटला पाहिजे आणि स्वतः मागे राहिले पाहिजे.

व्हॅनिला

सुरुवात व्हॅनिलापासून करावी, कारण तो सर्वांत क्षमाशील आहे. टोमॅटोचा सॉस हा पहिला प्रयोग. एक लिटर सॉसला पाव छोटा चमचा अर्क शेवटच्या दहा मिनिटांत घाला. आंबटपणा रासायनिकदृष्ट्या तेवढाच राहतो, परंतु त्याची धार बोथट वाटते आणि साखर घालण्याचा मोह टळतो. हे घडण्याचे कारण सवयीत आहे. ज्यांनी आयुष्यभर व्हॅनिला गोडाबरोबरच खाल्ला आहे, त्यांचा मेंदू त्या वासाबरोबर गोडवा जोडतो आणि साखर कमी असली तरी पदार्थ गोडसर भासतो. दूध, कॉफी आणि ओट्स यांत याचा सरळ फायदा घेता येतो. कपभर कॉफीत दोन चमचे साखर घेणाऱ्याने दीड चमचा साखर आणि तीन थेंब व्हॅनिला घेऊन पाहावे.

गाजर, रताळे, लाल भोपळा यांसारख्या मुळात गोड भाज्या भाजून काढल्यावर दोन मोठे चमचे लोण्यात चार-पाच थेंब व्हॅनिला, चिमूटभर मीठ आणि थोडी मिरपूड घालून ते मिश्रण वरून ओतावे. भाजण्यापूर्वी अर्क लावण्यात अर्थ नाही, २०० अंशांच्या भट्टीत त्यातले बरेच निघून जाते. मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतलेल्या कांद्यात शेवटी दोन थेंब घातले तर त्याचा गोडवा खोल होतो.

मासे आणि कोळंबी यांच्यासोबत व्हॅनिला हे ऐकताना विचित्र वाटते, पण फ्रेंच शेफ आलाँ सँदरेंस यांची लॉबस्टर आणि व्हॅनिला ही जोडी प्रसिद्ध झाली ती उगीच नव्हे. ताज्या कोळंबीला स्वतःचा गोडवा असतो आणि लोणी वासाला धरून ठेवते. चार माणसांच्या लोण्याच्या सॉसला सहा ते आठ थेंब पुरतात, मात्र त्यात लिंबाचा रस हवाच, नाहीतर सॉस गुळमट होतो. तेलकट, तीव्र वासाच्या माशांबरोबर मात्र हा प्रयोग करू नये, दोन्ही वास एकमेकांशी भांडतात. ड्रेसिंगसाठी तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर, मीठ आणि मोहरीची पेस्ट हे नेहमीचे प्रमाण घ्यावे आणि १०० मिलिलिटरला तीन थेंब व्हॅनिला घालावा. फळे, बीट किंवा कडवट पाने असलेल्या सॅलडवर ते शोभते.

लिंबू आणि संत्रे

या अर्कांविषयी एकच गैरसमज दूर झाला तरी त्यांचा निम्मा उपयोग कळतो. लिंबाच्या अर्कात लिंबाचा वास आहे, आंबटपणा नाही. आंबटपणा रसातल्या सायट्रिक आम्लातून येतो आणि अर्क सालीतल्या तेलापासून होतो. त्यामुळे रसाऐवजी अर्क घातला तर पदार्थ लिंबाच्या साबणासारखा लागतो, आणि अर्काऐवजी रसच वाढवत नेला तर नुसता आंबट होतो. दोन्ही हवेत. आधी रसाने आंबट जुळवावे आणि मग दोन-तीन थेंब अर्काने वास वर आणावा.

आम्ल नसण्याचा एक मोठा फायदाही आहे. गरम दुधात किंवा क्रीमच्या सॉसमध्ये लिंबाचा रस पिळला तर दूध फाटते, अर्काने फाटत नाही. पांढऱ्या सॉसला, मलईदार सूपला किंवा दुधात शिजवलेल्या ओट्सला लिंबाचा ताजेपणा द्यायचा असेल तर अर्कच कामाला येतो. एका लिंबाच्या किसलेल्या सालीच्या जागी अर्धा छोटा चमचा अर्क साधारण पुरतो. तिखटमिठाच्या पदार्थात त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी.

भातासाठी आच बंद केल्यावर वितळलेल्या लोण्यात लिंबाचा अर्क मिसळून, तो वरून शिंपडून झाकण ठेवावे आणि पाच मिनिटांनी हलक्या हाताने भात मोकळा करावा. संत्र्याचा अर्क बीट, गाजर, मसुराचे सूप आणि कोंबडीवरचा मधाचा लेप यांच्याशी जुळतो. लेपाच्या बाबतीत मांस बाहेर काढल्यावर, शेवटच्या हाताला अर्क घालावा. कडू चॉकलेट आणि संत्रे यांची जोडी सर्वांना ठाऊक आहे, परंतु काळ्या कॉफीत एक थेंब संत्रे घालून पाहिलेल्यांची संख्या कमी असावी, आणि ती वाढायला हवी.

बदाम

बदामाच्या अर्काचा वास मुख्यतः बेंझाल्डिहाइड या एकाच रेणूचा असतो. तो कडू बदामांत आणि जर्दाळू, पीच, चेरी यांच्या बियांतल्या गरातही तयार होतो, कारण ही सगळी झाडे एकाच कुळातली आहेत. बाजारातले बरेचसे बदाम अर्क प्रत्यक्षात जर्दाळू किंवा पीचच्या बियांपासून केलेले असतात. स्वयंपाकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ही फळे शिजवताना, त्यांची चटणी किंवा सॉस करताना एक-दोन थेंब बदाम अर्क घातला तर फळाचा स्वतःचाच वास गडद झाल्यासारखा वाटतो.

तिखटमिठाच्या पदार्थांत या अर्काला फार आवर घालावा लागतो. व्हॅनिलाच्या पाव मात्रेने सुरुवात करावी. लोण्यात परतलेल्या फरसबीवर भाजलेल्या बदामाचे काप टाकणार असाल तर लोण्यात एक थेंब, फुलकोबीच्या मलईदार सूपला लिटरमागे तीन थेंब, एवढाच त्याचा पल्ला. याहून पुढे गेले की पदार्थाला औषधाचा वास येतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथे सांगितल्याच पाहिजेत. कवची फळांची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी लेबल वाचल्याशिवाय हा अर्क वापरू नये, कारण काही अर्क बदामापासून, काही बियांपासून आणि काही पूर्णपणे कृत्रिम असतात. आणि कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बिया भिजवून हा अर्क घरी कधीही करू नये. त्यांतील अमिग्डालिन हे द्रव्य फुटताना बेंझाल्डिहाइडबरोबर विषारी हायड्रोजन सायनाइड सुटते. कारखान्यात ते काढून टाकले जाते, घरी ते काढण्याची सोय नसते.

पेपरमिंट

सुरुवातीच्या नाक धरण्याच्या प्रयोगाला पेपरमिंट अपवाद आहे. नाक बंद असतानाही त्याचा गारवा जिभेला जाणवतो, कारण त्यातले मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंवरील ग्राहकालाच (रिसेप्टरलाच) चाळवते. हा ग्राहक २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि अर्डेम पातापुतियान या शास्त्रज्ञांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधला आणि तापमान व स्पर्शाच्या ग्राहकांवरील त्यांच्या कामाला २०२१ चे नोबेल मिळाले. स्वयंपाक्यासाठी याचा परिणाम असा की पेपरमिंटची जास्त झालेली मात्रा कशानेही झाकत नाही, कारण वास दबला तरी गारवा उरतोच. वाटाण्याच्या सूपमध्ये पाव चमचा पेपरमिंट अर्क घालून मी एकदा चार माणसांना अक्षरशः टूथपेस्टचे सूप वाढले आहे.

वाटाणा, काकडी, दही आणि कोकराचे मांस यांना हवा असतो तो साध्या पुदिन्याचा हिरवा वास, ज्यात मेंथॉल फारसे नसते. त्यामुळे लेबलवर पेपरमिंट आहे की स्पिअरमिंट हे पाहावे आणि तिखटमिठासाठी दुसरे निवडावे. पेपरमिंटच हाताशी असेल तर अर्धा लिटर दह्याच्या डिपला एक थेंब, तोही आधी चमचाभर दह्यात मिसळून. चॉकलेट, कॉफी, गार पेये आणि कापलेले कलिंगड यांत तो मोकळेपणाने वापरता येतो.

उरलेल्या अर्कांविषयी थोडक्यात. मेपलचा (मेपल झाडाच्या रसापासून होणाऱ्या गोड पाकाचा) नकली स्वाद आणि मेथी यांच्यात सोटोलोन हा रेणू सामाईक आहे, म्हणून मेथी असलेल्या मसालेदार रस्स्यात मेपलचे दोन थेंब सहज सामावून जातात. ओट्स आणि भाजलेल्या भोपळ्यातही ते चालतात. बडीशेपेसारखा वास असलेला ॲनिसचा अर्क टोमॅटो आणि मासे यांच्या रस्स्याला थेंबभर पुरतो. कॉफीचा अर्क मांसाच्या गडद रस्स्यांत आणि राजम्यासारख्या कडधान्यांत कडवट खोली आणतो. नारळाचा अर्क मला तिखटमिठाच्या पदार्थांत क्वचितच पटला आहे, त्यापेक्षा नारळाचे दूध घालावे.

मात्रा जास्त झाली तर

मीठ, साखर किंवा आणखी मसाला घालून वास झाकण्याचा प्रयत्न करू नये. जागा असेल तर पदार्थ वाढवावा, नाहीतर निम्मा काढून ठेवून उरलेल्यात अर्क नसलेला भाग मिसळावा. लिंबू-संत्रे जास्त झाले असेल तर झाकण काढून पाच-सात मिनिटे मंद उकळावे, बराच वास उडतो. व्हॅनिला उकळून फारसा कमी होत नाही. त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि चिमूटभर मिरपूड यांनी मागे सारता येते. साय किंवा लोणी घातल्याने सगळ्याच अर्कांचा भपकारा मंदावतो. बदाम आणि पेपरमिंट प्रमाणाबाहेर गेले तर पदार्थ वाढवण्यावाचून इलाज नाही.

घरी अर्क करणे

व्हॅनिलासाठी १०० मिलिलिटर साध्या, ४० टक्के अल्कोहोलच्या व्होडकात साधारण १० ग्रॅम शेंगा, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन-चार, उभ्या चिरून घालाव्यात. शेंगा द्रवात पूर्ण बुडालेल्या असाव्यात. बाटली अंधारात ठेवून आठवड्यातून एकदा हलवावी. आठ आठवड्यांनी अर्क वापरण्याजोगा होतो, सहा महिन्यांनी तो चांगला होतो. लिंबू किंवा संत्र्यासाठी सालीचा फक्त रंगीत थर सोलाण्याने काढावा, पांढरा भाग राहिला तर अर्क कडू होतो. दोन फळांची साल १०० मिलिलिटरला घेऊन दोन-तीन आठवड्यांनी गाळावी. ४० टक्के अल्कोहोलमध्ये सालीचे तेल मर्यादितच उतरते, त्यामुळे घरचा लिंबू अर्क विकतच्यापेक्षा सौम्य असणार हे गृहीत धरून मात्रा वाढवावी. दालचिनीचा तुकडा एक-दोन आठवड्यांतच पुरेसा उतरतो, त्याहून जास्त ठेवला तर तुरट होतो.

अल्कोहोल नको असेल तर खाद्य दर्जाचे ग्लिसरीन तीन भाग आणि पाणी एक भाग अशा मिश्रणात तीच कृती करता येते. उतरायला वेळ जास्त लागतो आणि वास सौम्य येतो. नुसत्या पाण्यात भिजवून केलेले द्रव फ्रिजमध्येही थोडेच दिवस टिकतात, त्यांना अर्क समजून साठवू नये.

अल्कोहोल, आग आणि साठवण

शिजवल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून जाते हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार १५ मिनिटे शिजवल्यावर सुमारे ४० टक्के आणि तासभर शिजवल्यावर सुमारे २५ टक्के अल्कोहोल उरते. अर्काच्या बाबतीत मूळ आकडाच लहान असतो. एका छोट्या चमच्यात ३५ टक्क्यांप्रमाणे पावणेदोन मिलिलिटर अल्कोहोल असते आणि चौघांत वाटले तर माणशी अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी येते. तरीही धर्म, प्रकृती किंवा व्यसनमुक्तीच्या कारणाने जे अल्कोहोल अजिबात घेत नाहीत, त्यांना पदार्थात काय आहे ते सांगावे किंवा ग्लिसरीनचा अर्क वापरावा. बाटलीतला अर्क मात्र अल्कोहोलच आहे, त्यामुळे तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. पेटत्या शेगडीवरच्या भांड्यात बाटलीतून थेट ओतू नये. लिंबाचा अर्क तर सहज पेट घेतो. भांडे बाजूला घ्यावे आणि चमच्याने घालावे.

अर्क गडद बाटलीत, घट्ट झाकणाने, शेगडीपासून दूर ठेवावेत. व्हॅनिला वर्षानुवर्षे टिकतो आणि तळाशी गाळ दिसला तरी बिघडत नाही. लिंबू-संत्र्याच्या तेलाचे मात्र हवेने ऑक्सिडीकरण होते, म्हणून ते वर्षभरात संपवावेत. त्यांना वार्निश किंवा टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला की टाकून द्यावेत.

शेवटची गोष्ट पाहुण्यांच्या स्वयंपाकाची. कृती दुप्पट करताना मीठ जवळजवळ दुप्पट लागते, अर्क लगेच दुप्पट करू नये. मोठे भांडे उशिरा निवते, बाष्पीभवन वेगळ्या गतीने होते आणि वास त्यात उशिरा पसरतो. दीडपट मात्रा घालून दहा मिनिटे थांबावे, बशीची रीत पुन्हा एकदा करावी, आणि जो आकडा ठरेल तो पदार्थाच्या नावासह बाटलीला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावा.